पाहणारे पुष्कळ, राखणारा कोण?

पाथरीपासून पूर्णा तालुक्यापर्यंत परभणी जिल्ह्यातून वाहणाऱ्या गोदावरीला काठावरची माणसे गंगाच म्हणतात. त्याच गंगेची वाळू ब्रासवर विकली जाते, आणि त्या विक्रीवरची देखरेख आता बरीचशी यंत्रांकडे गेली आहे. वाळूघाटांचा लिलाव ऑनलाइन होतो, वाहतुकीचा पास महाखनिज प्रणालीतून निघतो, हायवा-टिप्परला जीपीएस लावावा लागतो. वाळू उत्खननाविषयीच्या केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ड्रोनने पाहणी, रात्रीची पाळत आणि उपसलेली वाळू किती भरून येते याचा अभ्यास, हे सगळे सांगितलेले आहे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी त्याच पात्राची छायाचित्रे घेतात आणि ती कुणालाही फुकट पाहता येतात. नदीवर इतके डोळे पूर्वी कधीच नव्हते. पण नुसते पाहिल्याने राखण होते का, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या आधीचा आहे, आणि आपल्या विचारपरंपरेने त्याची दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर सांख्य दर्शनाचे. त्यातला पुरुष, म्हणजे आत्मा, केवळ द्रष्टा आहे. सारे घडवते ती प्रकृती. तो पाहतो आणि अलिप्त राहतो. मोक्षाच्या वाटेवर ही अलिप्तता मोठी मानली गेली आणि तिथे ती योग्यही असेल. दुसरे उत्तर याच जिल्ह्यात, गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाईंचे. त्यांचा विठ्ठल दुरून पाहत उभा राहत नाही. तो जात्याला हात लावतो, दळण-कांडण करतो, शेण्या वेचू लागतो. जनीचे कष्ट पाहिल्यावर त्याला स्वस्थ बसवत नाही, हेच त्याचे देवपण. पर्यावरण-कायद्याच्या आजच्या डिजिटल रूपाने आपण नदीला सांख्यांचा पुरुष दिला आहे. तिला हवा आहे तो जनीचा विठ्ठल, म्हणजे पाहिल्याबरोबर काहीतरी करणे ज्याच्यावर बंधनकारक आहे असा कुणीतरी.

यंत्राला नेमके काय दिसते तेही तपासू. पास काढून निघालेली गाडी प्रणालीला दिसते. पास न काढलेली गाडी तिच्या हिशेबातच नसते. ती पकडायची तर तलाठ्याने किंवा मंडळ अधिकाऱ्याने रात्री पात्रात उतरावे लागते, आणि तिथे काय प्रसंग ओढवू शकतो हे महसूल खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय खरे नुकसान गाडीत भरून जात नाही, ते जमिनीखाली होते. पात्रातली वाळू पुराचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू देते. ती गेली की खाली काळा पाषाण उरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडालाच विहिरी तळ गाठतात. नवी वाळूही पूर्वीसारखी येत नाही, कारण वर पैठणला जायकवाडी धरण आहे आणि खाली ढालेगाव, मुदगलचे बंधारे गाळ अडवतात. आता दंडाचे पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) नुसार अवैध उपशावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. तो सरकारी तिजोरीत जमा होतो. विहीर आटलेला शेतकरी त्या पंचनाम्यात कुठेच नसतो, आणि नदीही नसते.

यावर कायद्याचे जाणकार म्हणतील की पालक आहेच. कमलनाथ खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त ठरवले. २०१० च्या कायद्याने आलेले हरित न्यायाधिकरण पर्यावरणाची भरपाई करण्याचा आदेश देऊ शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचे मोल मला कमी करायचे नाही. पण जो विश्वस्त ठेव विकून महसूल गोळा करतो, त्यालाच त्या ठेवीची राखण करायला सांगणे हा मूळ दोष आहे. लिलाव, स्वामित्वधन आणि चोरीला आळा, तिन्ही कामे एकाच खात्याची. राहिले न्यायाधिकरण, तर आपल्या भागाचे खंडपीठ पुण्याला आहे; सोनपेठ-पालमच्या अल्पभूधारकाने तिथवर किती हेलपाटे घालायचे?

यापेक्षा चांगली रचना आपल्या कायद्यात आधीपासून आहे, आणि ती देवळातून आलेली आहे. देवस्थान इनामाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर धारक म्हणून देवाचे नाव असते. पुजारी नुसता वहिवाटदार. कायदा देवाला अज्ञान बालकासारखे मानतो, म्हणून त्याची मिळकत सांभाळणाऱ्याला ती मनाला येईल तशी विकता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मूर्तीला कायद्याची व्यक्ती मानून तिची बाजू मांडायला तटस्थ माणूस नेमण्यास सांगितले होते. कुणी म्हणेल, इनाम जमिनीही बळकावल्या गेल्याच की. गेल्या, मराठवाड्याने ते पाहिले आहे. पण कागदावर धनी असल्यामुळे तो व्यवहार उशिरा का होईना, उलटवण्याची वाट राहते. वाळूच्या बाबतीत ती वाटच नाही, कारण नदीच्या वतीने दावा सांगणारा कुणी नाही.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवले आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पुराच्या नुकसानीची भरपाई मग कोण देणार, ही राज्य सरकारची शंका रास्त होती. त्या निकालाने पालकपण सरकारी अधिकाऱ्यांनाच दिले, ही मला दिसणारी त्याहून मोठी चूक. नदीला माता मानणे धर्मनिरपेक्ष राज्यात बसते का, या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे: कंपनीलाही कायदा व्यक्ती मानतो, तिची पूजा कुणी करत नाही. काठावरच्या बौद्धाची आणि मुसलमानाची विहीरही त्याच वाळूवर भरते. घरकुलाला वाळू लागते, हेही खरेच. दगडाच्या कृत्रिम वाळूने त्यातली बरीच गरज भागते, आणि उरलेली वाळू किती काढायची हे ती विकून पैसा मिळवणाऱ्याने ठरवू नये.

म्हणून मागणी एवढीच आहे. गोदाकाठच्या ग्रामसभांनी निवडलेले, महसूल खात्याबाहेरचे पालक मंडळ कायद्याने नेमावे. पास, जीपीएस आणि ड्रोनची सगळी नोंद त्याला त्याच दिवशी मिळावी, उपसा थांबवण्याचा अधिकार त्याला असावा, आणि दिसत असूनही तो थांबवला नाही तर जाब त्या मंडळालाच विचारला जावा. पुढच्या लिलावाची जाहिरात निघण्याआधी काठच्या प्रत्येक ग्रामसभेने हा ठराव घ्यावा.