नकाराची किंमत

नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगाने आपल्याच डिजिटल कायद्यांच्या डागडुजीचा प्रस्ताव मांडला, आणि कुकी-बॅनरचा उच्छाद आता थांबणार म्हणून अनेकांनी हुश्श केले. त्याच महिन्यात भारताने 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित केले. आपल्याकडची चर्चा मग ठरावीक वळणाने गेली. युरोपची पीडा आता आपल्या गळ्यात पडणार. छोट्या ऑनलाइन दुकानदाराच्या मागे आणखी एक शुक्लकाष्ठ. आणि ग्राहक तर न वाचताच ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ दाबून मोकळा होतो, म्हणजे खासगीपणाची त्याला पर्वाच नाही. यातले पहिले विधान अर्धवट आहे, दुसऱ्यात तथ्य आहे. तिसरे साफ चूक आहे आणि नेमके तेच सर्वांत ठासून सांगितले जाते.

कुकी, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, मुळात निरुपद्रवी होती. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी 1994 मध्ये ती तयार केली, कारण आलेले गिऱ्हाईक कोण आणि त्याने टोपलीत काय टाकले, हे संकेतस्थळाच्या लक्षातच राहत नसे. पुढे जाहिरातवाल्यांनी तिचे काय केले ते नव्याने सांगायला नको. युरोपचा 2002 चा निर्देश, 2009 मधली त्याची दुरुस्ती, 2018 पासून लागू झालेला जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा ही सगळी त्यानंतरची धावपळ. पण यांपैकी एकाही कायद्यात ‘बॅनर लावा’ असे म्हटलेले नाही. सेवा पुरवण्यासाठी जी कुकी लागतेच, तिला संमतीची गरज नाही. गिटहबने डिसेंबर 2020 मध्ये अनावश्यक कुकी काढून टाकल्या आणि त्यांच्याबरोबर बॅनरही उतरवला. (2022 मध्ये व्यावसायिक ग्राहकांसाठीच्या काही मार्केटिंग पानांवर त्या कुकी परतल्या, हेही पुरेसे बोलके आहे.) बॅनर लागतो तो गरजेपेक्षा जास्त हवे असते तेव्हा.

आता ‘लोकांना पर्वा नाही’ या सिद्धान्ताकडे. एप्रिल 2021 मध्ये अ‍ॅपलने आयफोनवरच्या अ‍ॅपना एक प्रश्न विचारायला भाग पाडले : इतर कंपन्यांच्या अ‍ॅपवर आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढू द्यायचा का? खाली दोन बटणे. दोन्ही सारखीच ठळक, दोन्हींना एकच टिचकी पुरे. नकारांचा परिणाम असा, की फेब्रुवारी 2022 मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या वित्तप्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितले, की अ‍ॅपलच्या या बदलांमुळे त्या वर्षीच्या उत्पन्नाला सुमारे 10 अब्ज डॉलरचा फटका बसेल. बेपर्वा माणसे एवढे नुकसान करत नाहीत. अ‍ॅपल काही संत नव्हे. याच यंत्रणेच्या अंमलबजावणीवरून फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च 2025 मध्ये तिला 15 कोटी युरोंचा दंड ठोठावला. पण इथे मुद्दा अ‍ॅपलच्या हेतूचा नसून त्या दोन बटणांचा आहे.

यावर ठरलेले उत्तर येते : आयफोनवाला वर्ग वेगळा, सामान्य माणसाचे तसे नसते. मग फ्रान्सच्याच डेटा नियामकाने, म्हणजे सीएनआयएलने, जानेवारी 2022 मध्ये जाहीर केलेले निर्णय पाहावेत. गूगलला 15 कोटी युरो आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड झाला. कारण एवढेच, की कुकी स्वीकारायला एक क्लिक पुरत होता आणि नाकारायला अनेक लागत होते. ‘प्लॅनेट49’ हे जर्मन प्रकरण त्याहून मासलेवाईक. बक्षीस-सोडतीत भाग घ्यायचा तर जाहिरातदारांच्या संपर्काला मान्यता देणे सक्तीचे. त्या जाहिरातदारांची यादी उघडली की 57 कंपन्या आणि प्रत्येकीपुढे वेगळे ‘अनसबस्क्राइब’. कुकीच्या चौकटीत तर टिक आधीच मारून ठेवलेली. आधीच मारलेली टिक म्हणजे संमती नव्हे, असा निवाडा युरोपीय न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2019 रोजी दिला. अशी रचना करणाऱ्यांना लोकांच्या पर्वेची पक्की जाणीव असते. पर्वा नसती तर नाकारण्याची वाट इतकी वळणावळणाची करण्याचे कष्ट कोणी घेतले असते?

 

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. होकार कसा मिळवला, यावर सगळे वाद होतात. नकार केवढ्याला पडतो, हे क्वचितच विचारले जाते. मेटाने नोव्हेंबर 2023 मध्ये युरोपात पर्याय ठेवला : माग काढू द्या, नाहीतर वेबवर महिना 9.99 युरो भरा. वरवर पाहता प्रश्न स्वच्छ होता. फक्त होकार मागितला की नाही एवढेच पाहिले, तर यात खोट दिसत नव्हती. तरी एप्रिल 2025 मध्ये युरोपीय आयोगाने 20 कोटी युरोंचा दंड केला. आयोगाचे म्हणणे असे, की कमी वैयक्तिक डेटा वापरणारा समतुल्य पर्याय लोकांना दिलाच नव्हता. नाही म्हणणाऱ्याने एक तर पैसे मोजावेत किंवा चालते व्हावे, याला निवड कितपत म्हणायचे, हा या वादाचा गाभा आहे.

भारतीय कायद्यात कुकी हा शब्दच नाही. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठी आली, कोकणीही आली. हे चांगलेच, पण मराठीत वाचले म्हणून नकार स्वस्त होत नाही. त्या दृष्टीने कलम 6 मधले एक उदाहरण अधिक मोलाचे आहे. टेलिमेडिसिन अ‍ॅपने सल्लासेवेबरोबर फोनमधल्या संपर्कयादीसाठीही संमती मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी यादीपुरता तो धरला जाणार नाही. वैद्यकीय सल्ल्यासाठी ती यादी लागत नाही. छोट्या दुकानदारानेही सल्लागाराकडून तयार पॉप-अप विकत घेण्याआधी हाच हिशेब मांडावा. ऑर्डर पोहोचवायला पत्ता आणि फोन नंबर लागतो. जन्मतारीख कशाला?

मात्र याच कलमात एक फट आहे. पोटकलम 4 म्हणते, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. लगेच पुढचे पोटकलम 5 सांगते, मागे घेण्याचे परिणाम ज्याचे त्याने सोसावेत. परिणाम म्हणजे किती? केवळ तेवढी सेवा बंद होणे, की संपर्कयादी नाकारली म्हणून डॉक्टरशी बोलणेच बंद होणे? मुख्य तरतुदी नियमांनंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. तोवर बटणांच्या रंगावर कितीही खल होवो, या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळापुढे पहिल्या तक्रारी येतील तेव्हा या दोन पोटकलमांची सांगड कशी घालायची, हे त्याला ठरवावेच लागेल.