नाव कोणाचे?



१९७० साली पॅरिसमध्ये पियानोच्या एका रचनेचे हस्तलिखित सापडले. रचना ‘ईस्टर सोनाटा’, साल १८२८, कर्ता ‘एफ. मेंडेल्सन’. ‘एफ’ म्हणजे प्रसिद्ध संगीतकार फेलिक्सच, असे गृहीत धरले गेले आणि १९७२ साली त्याच्याच नावाने ध्वनिमुद्रिका निघाली. २०१० साली अँजेला मेस या अमेरिकन संशोधिकेने ते हस्तलिखित तपासले. अक्षर फेलिक्सच्या थोरल्या बहिणीचे, फॅनीचे होते. तिच्या वहीतून गहाळ झालेल्या पानांचे क्रमांकही जुळले.

फॅनी (१८०५-१८४७) उत्तम पियानोवादक होती. साडेचारशेहून अधिक रचना तिने केल्या. पण ती चौदा वर्षांची असतानाच वडिलांनी तिला कळवले होते, की संगीत हा फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल, तुझ्यासाठी तो केवळ दागिना. तिची सहा गाणी भावाच्या नावाने छापली गेली. १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने त्यातलेच एक गाणे त्याच्यासमोर गायले, तेव्हा हे बहिणीचे आहे अशी कबुली त्याला द्यावी लागली. आम्ही फेलिक्सला चोर म्हणणार नाही. घराची ती रीत होती, आणि रीतीने घेतलेले कोणालाच घेतल्यासारखे वाटत नाही.

पण मेलेल्या माणसाला नाव परत देऊन काय साधते? सूर तर तेच राहतात. संत थॉमस अक्विनास म्हणतात, ज्याचे घेतले तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला परत करावे. सुरांचा वारस कोण? आम्हांला वाटते, ऐकणारा. या सोनाटाच्या शेवटी मंदिराचा पडदा फाटतो, धरणी हादरते, आणि मग ख्रिस्ताला देवाचा कोकरा म्हणून आळवणारे भजन येते. ते ऐकून ज्याचे मन भरून आले, त्याची कृतज्ञता चाळीस वर्षे चुकीच्या दारात जात होती.

कोणी म्हणेल, नावाचा एवढा सोस कशाला? कित्येक मंदिरे बांधणारे हात अनामिकच राहिले. खरे आहे. पण स्वतःहून नाव मागे ठेवणे हे दान, दुसऱ्याने ते पुसणे हे दान नव्हे. फॅनीने तर १८४६ साली स्वतःच्या नावाने रचना छापायला सुरुवात केली होती. पुढच्याच वर्षी, एकेचाळिसाव्या वर्षी, ती वारली.

८ मार्च २०१७ रोजी लंडनमध्ये हा सोनाटा तिच्या नावाने वाजवला गेला आणि बीबीसी रेडिओने तो ऐकवला.

जाता जाता, आपल्या गायनमंडळाच्या वहीत काही गीतांखाली कर्त्याचे नाव नाही. जुन्या धर्मग्रामस्थांपैकी कोणाला ती नावे आठवत असतील, तर मिस्सानंतर आम्हांला भेटावे.