पाच हजारांतली हौस

"पाच हजारांत चांगला हेडफोन कोणता?" हा प्रश्न मला ऑफिसात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. विचारणारे बहुतेक नुकते नोकरीला लागलेले असतात. पहिले दोन-तीन पगार घरी पाठवून, फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी केलेली उसनवारी फेडून झाली की चौथ्या महिन्यात माणसाला आपल्या कानांची आठवण होते. स्टेशनबाहेर दोनशे रुपयांना घेतलेला इअरफोन एका बाजूने मुका झालेला असतो, आणि कुणाच्या तरी डेस्कवर दोन मिनिटं भलतंच चांगलं काहीतरी ऐकायला मिळालेलं असतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ध्वनिशास्त्राशी माझा संबंध कॉलेजातल्या सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरापुरता. तरी लोक मला विचारतात, कारण या विषयावर मी नको इतकं वाचलं आहे.

तांत्रिक उत्तर अवघड नाही. बस-लोकलमध्ये ऐकणार असाल तर कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे वायरवाले इअरफोन घ्या. दोन-अडीच हजारांत आज फार चांगले मिळतात. घरी, शांत खोलीत ऐकणार असाल तर डोक्यावरून घ्यायचा हेडफोन. त्यातही पाठ उघडी असलेला, ज्याला ओपन बॅक म्हणतात, तो घेतलात तर गाणं डोक्याच्या आत कोंडल्यासारखं वाटत नाही, पण शेजारी बसलेल्यालाही ते ऐकू येतं. वायरलेस घेतलात तर तुमच्या पाच हजारांतला बराचसा भाग बॅटरी, ब्लूटूथची चिप आणि माइक यांत जातो, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी थकली की सगळंच टाकून द्यायची वेळ येते. फोनला जॅक नसेल तर छोटं डोंगल मिळतं. वायर सुटी होते का, गाद्या बदलता येतात का, हे आधी बघा. खोक्यावर '५ ते ४०,००० हर्ट्झ' असं छापलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. तरुण, निरोगी कानालाही साधारण २०,००० हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. वरचे वीस हजार वटवाघळांसाठी आहेत असं समजा.

बाहेरचा आवाज अडवण्यावर मी जरा अडून बसतो. कारण उघड आहे: बसमध्ये सैल इअरफोनने ऐकणारा माणूस गाणं इंजिनाच्या वर नेतो, आणि ते तिथेच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास मिळतात. तीन डेसिबल वाढवले की तास निम्मे. कान ही काही सुटी होणारी वायर नाही.

इथवर सगळं इंजिनिअरिंग. पण विचारणारा "थँक्स" म्हणून निघाला की माझ्याकडे त्याच्या प्रश्नातला एक शब्द उरतो: 'चांगला'. चांगला कुणाच्या लेखी? आणि तो घेतल्यावर या मुलाचं ऐकणं सुधारेल, की त्याला आत्तापर्यंत जे पुरत होतं ते पुरेनासं होईल?

पहिल्या प्रश्नाचं बरंच उत्तर सापडलेलं आहे. किंमत म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे तर सरळच मोजता येतं. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या डच संशोधकाने २८३ हेडफोन-इअरफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशेजारी मांडून बघितली. कुठले स्वर किती मोठ्याने ऐकवायचे, ज्याला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात, त्याचा आणि किमतीचा काही संबंध त्याला सापडला नाही. मग चांगलं कशाला म्हणायचं? हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्यासाठी माणसांनाच विचारलं. कुठला हेडफोन वाजतोय हे कळू न देता ऐकवायचं आणि आवड नोंदवायची. बहुतेकांना साधारण एकाच घडणीचा आवाज आवडला: चांगले स्पीकर चांगल्या खोलीत जसे वाजतात तसा, तळाला थोडा भरलेला. म्हणजे 'चांगला आवाज' ही आकाशातून पडलेली गोष्ट नाही आणि 'ज्याची त्याची आवड' म्हणून सोडून द्यावी इतकी सैलही नाही. ते एक प्रकारचं मतदान आहे. फक्त ते डोळे बांधून झालेलं आहे.

डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर लिहिलेल्या निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचोच्या घराण्यातल्या दोघा दर्दींना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, फक्त जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, फक्त लोखंडाची चव लागते. लोक त्यांना हसले. पीप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली.

हेडफोनच्या दर्दींना ही गोष्ट फार आवडावी अशी आहे. फक्त पीप रिकामं करून बघायची तयारी त्यांच्यातल्या थोड्यांचीच असते. मी एकदा एकच रेकॉर्डिंग लॉसलेस आणि ३२० केबीपीएस एमपी३ अशा दोन रूपांत, कुठलं कुठलं ते न कळता, सोळा वेळा ओळखायचा प्रयत्न केला. नऊ वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तितकंच आलं असतं. त्या पिंपात किल्ली नव्हती, निदान माझ्या जिभेपुरती. दोन हेडफोनांची तुलना करताना तर एक आणखी फसवं प्रकरण असतं: जो किंचित मोठ्याने वाजतो तोच 'स्पष्ट' वाटतो. आवाजाची पातळी समान न करता लिहिलेले रिव्ह्यू म्हणूनच मी करमणूक म्हणून वाचतो. पण दोनशेचा इअरफोन आणि दोन हजारांचा, यांत किल्ली आहे. चांगला जुडगा आहे. तिथला फरक कुणालाही कळतो. दोन हजार आणि वीस हजार यांत आवाज वेगळा असतो, वरचा असतोच असं नाही.

दुसरा प्रश्न जास्त छळतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८६३च्या पुस्तकात दोन सुखांतलं उच्च कुठलं हे ठरवायची एक रीत सुचवली: ज्याने दोन्ही अनुभवली आहेत त्यालाच विचारा. समाधानी डुकरापेक्षा असमाधानी माणूस बरा, हे त्याचं प्रसिद्ध म्हणणं याच रीतीतून येतं, कारण डुकराला फक्त स्वतःचीच बाजू ठाऊक असते. वरवर बघता बिनतोड आहे. पण दोन्ही अनुभवलेला माणूस तोच राहिलेला नसतो, त्याचं काय? चांगला हेडफोन घेतल्यावर मला पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा पहिल्यांदा नीट कळला, गायकाचा दोन ओळींमधला श्वास कळला. ती कमाई खरी आहे, कुणी परत मागितली तर मी देणार नाही. मात्र रिक्षातला एफएम, लग्नाच्या मांडवातला फाटका स्पीकर, रूममेटच्या गाडीतला धडधडणारा बास यांवर मी आधी जितका सहज नाचलो असतो तितका आता नाचत नाही. मिलचा पंच एका बाजूचा खेळाडू होऊन बसलेला असतो, आणि त्याचा निकाल कुठल्या बाजूने लागणार हे सामन्याआधीच माहीत असतं.

आपल्या भाषेत या भानगडीसाठी एक शब्द आहे, आणि तो 'गरज' नाही की 'चैन'ही नाही. हेडफोन ही गरज नाही. पाच हजार रुपये चौथ्या पगारातून खर्च करणाऱ्याला चैनी म्हणणंही जुलमाचं आहे. ती हौस आहे. मूळ अरबी शब्द हवस. हिंदी-उर्दूत तो वासनेच्या अंगाने गेला; मराठीत येऊन तो घरातला झाला, लग्नाकार्यात, डोहाळजेवणात, नातवाच्या बारशात मिरवायला लागला. आणि त्याची क्रियापदं बघा. हौस भागते. हौस पुरवता येते, म्हणजे दुसऱ्याचीही. आणि हौस फिटते, कर्ज फिटावं तशी. हव्यास मात्र फिटत नाही. फार तर सुटतो. हेडफोनच्या नादी लागलेल्यांत 'एंडगेम' असा शब्द आहे: यानंतर पुन्हा काही घ्यायचं नाही असा शेवटचा हेडफोन. तिथपर्यंत कुणी पोचत नाही, हा त्यांच्यातलाच विनोद. दर महिन्याला नवीन मॉडेल, दर मॉडेलला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. हा सगळा धंदा हौस फिटू न देण्यावर उभा आहे.

हे सगळं मी स्वतःपुरतं पचवलं होतं. मग गेल्या दिवाळीच्या बोनसमधून वडिलांसाठी हेडफोन घ्यावा असं डोक्यात आलं आणि गाडी अडली.

आमचे बाबा साताऱ्याला असतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. इंजिन चालू करून बॉनेटपाशी अर्धा मिनिट उभे राहायचे आणि कुठल्या सिलिंडरमध्ये गडबड आहे ते सांगायचे, म्हणजे कान साधा नाही. आता संध्याकाळी भीमसेनांची 'अभंगवाणी' ऐकतात. फोनवर. फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून, म्हणजे आवाज मोठा येतो. पातेलं ओट्यावर, आई पोळ्या करत असते. माझ्या कानांना त्यात टाळ म्हणजे फक्त चिरचिर ऐकू येते, आणि पखवाजाची डावी बाजू जवळजवळ नाहीच. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कशाची उणीव दिसत नाही.

त्यांना ती बाजू खरंच ऐकू येत नाही असंही म्हणता येत नाही. जुन्या लँडलाइनवरून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो तारेतून येतच नव्हता. तरीही हॉस्टेलच्या फोनवर "जेवलास का?" असं कुणी विचारलं की ते बाबाच आहेत हे मला पहिल्या शब्दाला कळायचं, त्यांच्या खर्जासकट. वरच्या स्वरांच्या अंतरावरून मेंदू खालचा गाळलेला स्वर स्वतः भरून काढतो. पातेल्यातल्या फोनवर अभंग ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात हेच चाललेलं असतं, शिवाय चाळीस वर्षांची आठवण मदतीला असते. मग त्यांच्याकडे कमी आहे ते नक्की काय? आणि ते कमी आहे हे त्यांना दाखवून द्यायचा अधिकार मला कुणी दिला?

उलट बाजूही तितकीच बोचते. 'त्यांना पातेल्यातलंच बरं' असं मी परस्पर ठरवणं म्हणजे पुण्यात बसून त्यांच्या कानांची ऐपत ठरवणं. चांगलं आपल्यासाठी, पुरेसं आईवडिलांसाठी, ही वाटणी आपल्या पिढीने बऱ्याच बाबतींत गुपचूप करून ठेवलेली आहे. जुना फोन त्यांना, नवा आपल्याला. माणसाला चांगलं ऐकवून त्याला नंतर काय हवं ते ठरवू द्यावं, यात धोका आहे. पण न ऐकवण्यात अपमान आहे. तेव्हा मिलचं थोडं ऐकायचं ठरवलं.

ओपन बॅक घेतला, वायरचा, साडेचार हजारांच्या आत. बाबांनी वीस-पंचवीस मिनिटं काही न बोलता ऐकलं. मध्ये एकदा डावा हात मांडीवर पडला, नेमका पखवाजाच्या डाव्या थापेवर. मग काढून म्हणाले, "वादक पुढ्यात बसवलाय." आणि लगेच, "पण हिला काय ऐकू येणार?"

१९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन दोघांना माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. कंपनीचे अकिओ मोरिता यांना एकट्याने कानाला लावून बसणं असभ्यपणाचं वाटलं होतं, म्हणून ही सोय. लोकांनी दुसरं भोक फारसं वापरलं नाही. पुढे बटण गेलं, नंतर दुसरं भोकही गेलं. मोरितांचा तर्क चुकला असं यावर म्हणतात. बाजाराच्या हिशेबात चुकलाच. पण त्या माणसाला जे खटकलं होतं तेच साताऱ्याच्या स्वयंपाकघरात एका मेकॅनिकला पंचविसाव्या मिनिटाला खटकलं, आणि त्याने वॉकमन आयुष्यात कधी वापरलेला नाही.

सध्याची व्यवस्था अशी आहे: दुपारी आई झोपली की हेडफोन, संध्याकाळी पातेलं. हेडफोनमुळे पातेल्यावरचं मन उडालं का, असं मी एकदा विचारलं. "दोन्ही कशाला भांडतील?" म्हणाले. त्यांचं खरंच उडालेलं नाही, की आईसाठी तसं दाखवत नाहीत, हे मला सांगता येणार नाही. माझं रिक्षातल्या एफएमवरून उडालं, त्यांचं नाही; याला वय कारण असेल, स्वभाव असेल, किंवा ओट्यापाशी उभी असलेली आई असेल. परवा त्यांचा फोन आला होता. वायर खुर्चीच्या पायात अडकून ताणली जाते, तुटली तर नुसती वायर वेगळी मिळते का, असं विचारत होते. मिळते म्हटलं, तीन-चारशे रुपयांना. मग जरा लांब मिळत असेल तर बघ म्हणाले, ओट्यापर्यंत पोचेल अशी.