प्रभूची कबर बागेंत होती

शास्त्रपाठ : अनुवाद २२:६, ७, योहान १९:४१.



ईस्टर जवळ आला म्हणजे गांवोगांवच्या मंडळ्यांत कबरस्तानाची साफसफाई निघते. कबरींस चुना लागतो, कललेले क्रूस सरळ होतात, आणि तरुण मंडळी वाळल्या गवतास काडी लावून मोकळी होते. तासाभरांत काम उरकतें, हें खरें. आम्हीही अनेक वर्षें त्यास स्वच्छताच म्हणत आलों. परंतु गेल्या वर्षीं एका लहान गांवीं जाळ विझल्यावर आम्ही कबरींमधून फिरत असतां एक टिटवी एकसारखी ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालूं लागली. खालीं पाहतों तों खड्यांच्या खळग्यांत चार अंडीं काळवंडून पडलेलीं! टिटवी झाडावर घरटें करीत नाहीं. ती उघड्या जमिनीवर अंडीं घालते, आणि तिचा हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे नेमका आमच्या साफसफाईच्या वेळीं. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाची तयारी म्हणून आम्हीं हें केलें होतें. आम्हांस फार लाज वाटली.

मोशेच्या नियमशास्त्रांत, पांखराचें कोटें आढळलें तर अंड्यांवर बसलेल्या आईस धरूं नये, अशी आज्ञा आहे. लढाया, वारसा, न्यायनिवाडा यांचे नियम सांगतां सांगतां देवानें एका पांखराच्या आईसाठीं जागा काढिली. आणि योहान लिहितो कीं, प्रभूस ज्या नव्या कबरेंत ठेविलें ती एका बागेंत होती. मग्दालीया मरीयेस तर उठलेला प्रभु प्रथम माळीच वाटला. मग कबरेभोंवतीं कांहीं हिरवें राहिलें तर मृतांचा अपमान होतो, हें आम्ही कोठून शिकलों?

इथिओपिया देशाच्या उत्तर भागांतील जुनें अरण्य शेतीसाठीं व सरपणासाठीं बहुतेक तुटून गेलें. जें उरलें तें मुख्यतः तेथील प्राचीन ऑर्थोडॉक्स मंडळीच्या देवळांभोंवतीं. सह्याद्रींत ज्यास देवराई म्हणतात तसेंच. आलेमायेहू वासी या वनशास्त्रज्ञानें दक्षिण गोंदार भागांतील अशा रायांचा अभ्यास करून सन २००७ मध्यें प्रबंध लिहिला. गुरें आंत चरलीं म्हणजे रोपें जगत नाहींत, आणि मग जुन्या झाडांची जागा घेण्यास कोणी उरत नाहीं, हें त्यांस दिसून आलें. पुढें कित्येक ठिकाणीं याजकांनीं व गांवकऱ्यांनीं दगड वेंचून भोंवतीं गडगे घातले. त्यांचा पंथ आमचा नव्हे. पण धडा घेण्यास त्याची आडकाठी नसावी.

आमच्या कबरस्तानांस इतकें रान नाहीं. एखादा जुना लिंब, दोन बोरी, कुंपणाची झुडुपें, एवढेंच. तरी त्या लिंबाच्या ढोलींत पिंगळा राहतो, आणि शेजारच्या शेतांतले उंदीर खातो. (ख्रिस्ताचे म्हणविणारे घरोघर घुबडास अशुभ मानतात, याचें आम्हांस नवल वाटतें.) ढोलीचें झाड पडाऊ झालें नसेल तर तोडूं नये. वाटा व कबरी विळ्यानें साफ कराव्या. कुंपणालगतचें गवत बी गळेपर्यंत राहूं द्यावें. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वीं मुळासकट उपटावें. त्याची गय नको. साप निघतात, असें कोणी म्हणेल. निघतात, म्हणून तर वाटा मोकळ्या हव्या, आणि पहाटेच्या उपासनेस येणाऱ्यांनीं हातीं दिवा घ्यावा. जाळानें सापाबरोबर सरडा, बेडूक, अंडें, सर्वच जातें.

त्याच गांवच्या पंचांनीं यंदा काडी लावूं दिली नाहीं. चार बायांनीं व सहा तरुणांनीं दोन दिवस विळे चालविले. एका खळग्याभोंवतीं कोणीं पांढरे धोंडे मांडून ठेविले होते. ईस्टरच्या पहाटे मंडळी जमली तेव्हां टिटवीनें असा आकांत मांडिला कीं पाळकांस प्रार्थना मध्येंच थांबवावी लागली. मग सर्व लोक हळूच वीस पावलें मागें सरले, आणि उपासना पुढें चालली.