तांब्याचं गाव

‘‘घासलेलं आहे हो, बाजारात याला कोणी हात लावणार नाही.’’ संग्रहालयातल्या एका सातवाहन नाण्यापुढे माझ्या नाणेसंग्राहक स्नेह्यांनी मारलेला हा शेरा मला तेव्हापासून सलतो आहे. नाणं तांब्याचं, अंगठ्याच्या नखाएवढं. सोंड उंचावलेल्या हत्तीची पाठ आणि सोंड तेवढी उरलेली. कडेला ब्राह्मीतली तीनेक अक्षरं; ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे बाकीची मुळात उमटलीच नव्हती.

सातवाहन कोण, हे शाळेत झालेलं आहे. मला बोलायचंय ते तांब्याबद्दल. चांदी राजाची आणि सावकाराची. नाशिकजवळ जोगलथेंबीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं उमटवली होती. ते सगळं राजकारण. तांबं किरकोळ व्यवहाराचं. ते सहसा फार लांब जात नाही, जवळपासच्या बाजारात हातोहात फिरून झिजतं. स्नेह्यांना त्या झिजेत खोट दिसते. मला वाटतं, कोऱ्या करकरीत नाण्याने बाजारच पाहिलेला नसतो, त्याचं कौतुक ते काय?

शिवाय विकायला काढलं की साठा फुटतो. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूची सातवाहन नाणी मोठ्या संख्येने निघाली. एकावर नावाची सुरुवात, दुसऱ्यावर शेवट, अशी अक्षरं जुळवत संशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांना ठाऊक नसलेली नावं हाती आली. सुटं एकेक नाणं गिऱ्हाइकाकडे गेलं असतं तर?

इथवर मी संग्रहालयाचा वकील. पण काचेतली चिठ्ठी पुन्हा आठवली : ‘सातवाहन. तांबे. इ.स. दुसरे शतक.’ गाव नाही. स्नेह्यांच्या पाकिटांवर मात्र, नाणं कितीही भिकार असो, गावाचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असतं. तांबं लांब जात नाही हे माझंच म्हणणं खरं धरलं, तर गाव हरवलेल्या तांब्याच्या नाण्यात उरतं काय? या एका बाबतीत तरी ते पाकीट त्या काचेपेक्षा सरस आहे. हे मला आवडत नाही, पण नाकारताही येत नाही.

गाव हरवल्याचा दोष शेतकऱ्यालाही देववत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! चौकशीचा ससेमिरा नको म्हणून नांगराला लागलेलं मडकं मुकाट्याने सराफाकडे नाहीतर मोडीत जातं, आणि गाव तिथेच पुसलं जातं.

तरीही, शेतात किंवा विहिरीच्या मातीत असं काही लागलं तर चिंच लावून घासू नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात. कचेरीत रीतसर कळवा, आणि गावाचं, शिवाराचं नाव कागदावर चढल्याशिवाय तिथून उठू नका.