दीड बोट

भाची नागपुरात बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. रविवारी ती घरी आली, तेव्हा तिच्या सॅकमध्ये दोन पुस्तकं होती. एक जनरल मेडिसिनचं, दुसरं बारावीच्या फिजिक्सचं. दुसऱ्याला वर्तमानपत्राचं कव्हर होतं.

मी : हे कव्हर कशाला?

ती : होस्टेलवर कुणाला कळू नये म्हणून. मामा, मी पुन्हा नीट देणार आहे. एमबीबीएससाठी.

मी : आता? बीडीएस चार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. निम्मी वाट संपत आली. तिकडे साडेचार वर्षं आणि इंटर्नशिप, तेही पहिल्यापासून.

ती : चुकीच्या गाडीत बसलोय हे वर्ध्याला कळो की बडनेऱ्याला, उतरावं तर लागणारच ना?

मी : बरोबर आहे. गेलेल्या वर्षांचा मुद्दा मी सोडला. पण गाडी चुकीची आहे हे कशावरून?

ती : ती मी निवडलीच नव्हती. सतरा वर्षांची होते. पसंतीक्रमात एमबीबीएस वर, बीडीएस खाली. मार्क जिथे थांबले, तिथे मी उतरले.

मी : आणि वरचं तरी निवडलं होतंस? की ते सगळ्यांच्याच यादीत वर असतं म्हणून तुझ्याही?

ती बराच वेळ गप्प राहिली.

ती : एक सांगते. परवा ओपीडीत तिशीचा एक माणूस आला. तिखट सोसत नाही म्हणाला. तोंड उघडा म्हटलं, तर दीड बोट जेमतेम शिरेल एवढंच उघडलं. एरवी आपली तीन बोटं उभी मावतात. पंधरा वर्षं खर्रा. गालाच्या आतून बोट फिरवलं, तर दोरीसारखे ताठ पट्टे लागले. खर्र्यातल्या सुपारीनं हे असं होतं, आणि यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो. मी तपासत होते, पण डोक्यात भिंगाचं सूत्र चाललं होतं. मागून मॅडमनी विचारलं, “जीभ उचलून पाहिलीस?” नव्हती पाहिली.

मी : मग?

ती : तिथेच अडलंय. मन इथे लागत नाही म्हणून तिकडे जायचंय, की तिकडे जायचं ठरवलंय म्हणून इथे मन लागत नाही?

मी : दात शरीराहून वेगळा नाही गं. दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र कॉलेज 1840 साली बाल्टिमोरला निघालं, तेव्हा शिक्षणाची वाट वेगळी झाली, शरीर नाही. दाढेतला पू जिभेखाली उतरला, तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. आणि 1846 मध्ये बोस्टनच्या इस्पितळात ईथर देऊन भूल दाखवणारा मॉर्टन दातांचाच डॉक्टर होता.

ती : हे सगळं मला पटतं. पण काम मोठं आहे म्हणून ते माझं होत नाही, मामा.

या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला थांबवायला निघालो होतो, विचार करायला नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

मी : मग दे परीक्षा. भीती कसली वाटते?

ती : परीक्षा संपत नाही याची. किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही, कमाल वयाची अटही 2022 मध्ये निघाली. या मे महिन्यात नाही जमलं, तर पुढचा मे आहेच. माझ्या ओळखीत अशी मुलं आहेत, इथली नाहीत आणि तिथलीही नाहीत.

मी : ज्या दाराला बाहेरून कडी नाही, ते आपणच आतून लावायचं. एकच मे ठरव.

ती : आणि तोवर खुर्चीतला पेशंट?

मी : ते तूच सांग.

ती : (सावकाश) पेपरात एकशे ऐंशी प्रश्न असतात. उत्तर चुकलं तर माझा एक मार्क जातो. ओपीडीत माझं चुकलं, तर माझं काहीच जात नाही. जातं ते त्या माणसाचं.

मी : म्हणजे?

ती : म्हणजे अभ्यास पहाटे आणि रात्री. ओपीडीची वेळ माझी नाहीच, ती त्याची. आणि मामा, मी तिथे अजून पूर्ण मनानं एकदाही उभी राहिलेली नाही. न राहताच गाडी चुकीची म्हणतेय. कदाचित ती चुकीची असेलही. पण ते मला तिथूनच कळेल.

तिनं फिजिक्सच्या पुस्तकाचं कव्हर काढलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि दोन्ही पुस्तकं सॅकमध्ये शेजारी शेजारी सरकवली. दारात चप्पल घालताना म्हणाली, “उद्या तो माणूस परत येणार आहे. आधी जीभ उचलून बघते.”