घडणावळ आणि सोने : खेळाडूच्या मोलाविषयी

माणसाचे मोल करता येते का, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न असला, तरी व्यावसायिक खेळांनी त्याला जे रोखठोक रूप दिले आहे, ते जुन्या ग्रंथकारांच्या कल्पनेत नव्हते. आज खेळाडू संघात येतो तो मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट लिलावाची : खेळाडू आपली पायाभूत किंमत जाहीर करतो, संघमालक बोली वाढवतात आणि हातोडा पडला की व्यवहार पक्का होतो. दुसरी अदलाबदलीची, जिला खेळाच्या भाषेत ट्रेड म्हणतात : एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात खेळाडू किंवा रक्कम घेतो. तिसरी ड्राफ्टची : होतकरू खेळाडूंची यादी समोर ठेवून संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव उचलतात, आणि स्पर्धा समतोल राहावी म्हणून मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या लांबगोल चेंडूच्या खेळातील महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ मध्ये आठ क्लबांनिशी सुरू झाली आणि पुढे ही संख्या अठरा क्लबांपर्यंत गेली. तिच्यात ड्राफ्ट आणि ट्रेड या दोन्ही वाटा वापरल्या जातात, इतकेच नव्हे तर निवडीचा क्रमांकसुद्धा विनिमयाची वस्तू होतो, म्हणजे अजून नावही न ठरलेल्या मुलीवरचा हक्क एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे जातो.

हा विषय अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, वाटतो तितका परका नाही. श्रीरामपुरात जन्मलेला झहीर खान २००९ च्या आयपीएल हंगामापूर्वी बंगळूरु संघातून मुंबई संघात गेला, तो रॉबिन उथप्पाच्या बदल्यात. आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे २०२० च्या हंगामापूर्वी राजस्थानकडून दिल्लीकडे गेला, तेव्हा मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया असे दोन गडी राजस्थानला मिळाले. महिलांच्या क्रिकेटमध्ये हे सारे फार थोड्या अवधीत घडले. पाथर्डी तालुक्यातून पुढे आलेली वेगवान गोलंदाज आरती केदार पुण्यात झालेल्या २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंज स्पर्धेत वेलोसिटी संघात होती, आणि त्या स्पर्धेतील संघ क्रिकेट मंडळाने निवडले होते, त्यांना बोली नव्हती. वर्ष उलटण्याच्या आत, १३ फेब्रुवारी २०२३ रोजी, मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. पाच संघांनी प्रत्येकी १२ कोटी रुपयांच्या मर्यादेत ८७ खेळाडू घेतल्या, आणि सांगलीच्या स्मृती मानधनाची ५० लाखांपासून सुरू झालेली बोली ३ कोटी ४० लाखांवर थांबली. खेळाडू त्याच, खेळही तोच. नवी होती ती त्यांच्या नावापुढची रक्कम.

या रकमेचा नेमका अर्थ काय, हे पाहताना इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये केलेला भेद उपयोगी पडतो. त्याच्या मते ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. माणूस या दुसऱ्या वर्गात मोडतो. ही कसोटी लावली तर लिलावापेक्षा अदलाबदल अधिक अडचणीची ठरते, कारण लिलावात माणसासमोर पैसा असतो, तर अदलाबदलीत माणसासमोर माणूस ठेवून तराजूचा काटा पाहिला जातो, आणि एका रहाणेच्या पारड्यासमोर दोन गडी बसतात हे त्या काट्यानेच ठरते.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की विकला जातो तो करार, माणूस नव्हे. हे उत्तर खरे आहे, पण ते किती खरे आहे हे समजण्यासाठी खरी विक्री कशी असते ते पाहावे लागते. नेवासा तालुक्यातील घोडेगावच्या बाजारात म्हैस उभी राहते तेव्हा गिऱ्हाईक तिची कास चाचपतो, सड पाहतो, खालचा ओठ ओढून दातांवरून वय काढतो. आणि जनावरांच्या बाजारातील जुन्या रीतीप्रमाणे दोन व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळत नाही. ज्या जनावराचा भाव ठरतो त्याला तर तो कधीच कळत नाही. याच जिल्ह्याच्या इतिहासात माणसाची अशी विक्रीही आहे. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर लहानपणी हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती फिरत अहमदनगरच्या दरबारातील चंगेजखानाकडे विकत आला, आणि पुढे १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने मोगलांशी झुंज देत ते राज्य उभे ठेवले. बाजारात त्याला मिळालेल्या कोणत्याही किमतीत हे कर्तृत्व मोजले गेले नव्हते. विक्री आणि करार यांना वेगळे करणारी रेषा म्हणजे संमती. लिलावात खेळाडू स्वतः नाव नोंदवतो, आयपीएलमधील अदलाबदलीला त्याचा होकार लागतो, आणि कराराला मुदत असते. गुलामगिरीत यांपैकी काहीच नसते. ड्राफ्टमध्ये मात्र ही रेषा पुसट होते, कारण तिथे खेळाडूची संमती खेळण्याला असते, कोणत्या क्लबात खेळायचे याला नसते. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न, की स्वतःलाच हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा मुळात याच रेषेविषयीचा होता, आणि त्या सभेतील जाणत्यांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही.

संमती मिळाली म्हणून प्रश्न संपत नाही, कारण स्वखुशीने स्वीकारलेली किंमतही माणसाच्या मनाला चिकटते. इथे अद्वैत वेदान्तातील दोन संज्ञा कामी येतात. उपाधी म्हणजे मूळ वस्तूला बाहेरून लागलेली आणि तिला मर्यादित भासवणारी अवस्था, जसे घटामुळे आकाश घटाएवढे वाटते. आणि अध्यास म्हणजे एकाचे धर्म दुसऱ्यावर लादण्याची चूक, जशी दोरीवर सर्पाची. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो पैस घोडेगावच्याच तालुक्यात आहे. आणि गीतेच्या पाचव्या अध्यायातील समदर्शनाचा विचार, म्हणजे विद्वान, गाय, हत्ती आणि श्वान यांच्यात एकच तत्त्व पाहण्याचा विचार, त्या टीकेने मराठीत आणला. समदर्शन भेद नाकारत नाही, हत्तीला श्वान म्हणत नाही. ते एवढेच सांगते की भेद उपाधीचा आहे. वेदान्तात रूढ असलेला सोने आणि अलंकार हा दृष्टान्त येथे थोडा पुढे नेता येतो. सराफ दागिन्याचे पैसे सांगताना सोन्याचा भाव वेगळा धरतो आणि घडणावळ वेगळी. लिलावात मात्र मोजली जाते ती केवळ घडणावळ : मनगटाचा वेग, वय, डावखुरेपणा, आणि त्या वर्षी त्या संघात रिकामी असलेली जागा. सोने हिशेबात धरलेलेच नसते, म्हणून ३ कोटी ४० लाख हा आकडा स्मृती मानधना या व्यक्तीविषयी काहीही सांगत नाही, आणि बोली न लागलेल्या मुलीच्या नावापुढचा रिकामा रकानाही तिच्याविषयी काही सांगत नाही. चूक किंमत ठरवण्यात नाही, ती अध्यासात आहे. आणि ‘अमुक इतक्याला गेली’, ‘तमुक विकलीच गेली नाही’ अशा रोजच्या बोलण्यातून तो अध्यास कोणाच्या ध्यानात न येता होत राहतो.

होतकरू खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, कारण तिथे किंमत असलेल्या गुणांची नसून होऊ शकणाऱ्या गुणांची ठरते. भारतीय दर्शनांतील कार्यकारणाचा वाद येथे अनपेक्षितपणे जिवंत होतो. सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणतो की कार्य कारणात आधीच असते, तेल तिळात असते म्हणूनच निघते. न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद म्हणतो की घट मातीत आधी नव्हता, कुंभार, चाक आणि दंड ही निमित्ते जुळली तेव्हा तो नव्याने झाला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हेरणारा निवडकर्ता नकळत सांख्य असतो. ती पुढे काय होणार ते तिच्यात आहेच, आपण फक्त ओळखायचे, असे तो मानतो. या भूमिकेचा तोटा मुलगी अपयशी ठरली की दिसतो, कारण मग ‘तिच्यात ते नव्हतेच’ एवढे म्हणून सारे मोकळे होतात. नैयायिकाला तशी सुटका नाही. जिथे मुलींसाठी वेगळे मैदान नाही, सरावाहून परतायला संध्याकाळनंतर एसटी नाही, आणि बारावीनंतर खेळायचे की लग्न करायचे हे घरातील मोठी माणसे ठरवतात, तिथे निमित्तकारणांचा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि तो मांडला की अपयशाचा जाब एकट्या मुलीला विचारता येत नाही. कुंभारालाही विचारावा लागतो.

मोलाच्या या सगळ्या चर्चेशी जुळणारी एक जुनी कथा मराठी घरांत माहीत आहे. सत्यभामेने कृष्णाला नारदाला दान केले, आणि त्याला सोडवायचे तर त्याच्या वजनाइतके सोने द्यायचे ठरले; सगळे दागिने पारड्यात घालूनही ते हलेना, आणि रुक्मिणीने ठेवलेल्या एका तुळशीपत्राने ते खाली गेले. ही कथा बहुधा भक्तीचा महिमा म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात तराजूविषयीही एक विधान आहे. तराजू त्या दिवशी खोटा नव्हता, काटा बिघडलेला नव्हता. एका पारड्यात जे बसले होते त्याच्या जातीचे दुसऱ्या पारड्यात काही नव्हते, एवढेच. खेळाच्या बाजाराला तराजू लागणार आणि तो बाजार बंद करण्याची गरजही नाही, कारण त्याच बाजाराने मुलींना खेळावर घर चालवण्याची सोय दिली आहे. त्या तराजूवर कोणत्या जातीचे माप चढते, हे मात्र विसरून चालत नाही. आणि ते लक्षात आहे की नाही याची परीक्षा सर्वांत मोठ्या बोलीपाशी होत नाही. ती होते लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नावापुढचा रकाना रिकामा राहिलेली मुलगी किटबॅग घेऊन मैदानावर येते आणि प्रशिक्षक तिला नेहमीच्याच नावाने हाक मारून नवा चेंडू हातात देतो की नाही, तेथे.